खालचा गीझर, वरचा गीझर

४ नोव्हेंबर, मंगळवार

खालचा गीझर गेला. टाकीच्या बुडातून तांबूस पाणी ठिबकत होतं आणि खाली ठेवलेली बादली अर्धी भरली होती. म्हणजे कालपासूनच गळत असणार, आणि वन्संनी गुपचूप बादली ठेवून दिली होती. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही चिडाल म्हणून. मी चिडते, हे खरं आहे. न चिडणाऱ्या बायकांच्या घरात काय काय गळत असतं, तेही मी पाहिलेलं आहे.

वरचा गीझर, म्हणजे माझा, पंधरा दिवसांपूर्वीच गेला. त्याचं मला नवल नाही. अकरा वर्षांपूर्वी हे दोन गीझर एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीचे आणले. विहीर एक, पंप एक, गच्चीवरची टाकी एक. त्यानंतर वरचा तीनदा बदलावा लागला आणि खालच्याला काही म्हणता काही झालं नाही. मी याला वन्संचं नशीब म्हणत आले. नशिबावर माझा विश्वास नाही, पण कंपनीवर त्याहून कमी आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नळाचं पाणी आलं आणि चढ बघून तिथेच थांबलं. विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं, पण साबणाला फेस येत नाही आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो. सासूबाई म्हणायच्या, हे पाणी माणसाला लागत नाही, भांड्याला लागतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाणी शेगडीवर तापवतो आहोत. वन्संना सकाळी वीस मिनिटं हात आणि गुडघे गरम पाण्यात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे बोटं वळतात. संधिवात. आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, आता स्वतःच्या पोलक्याची बटणं लावायला जीव मेटाकुटीला येतो. पातेलं त्यांना उचलत नाही, म्हणून मी नेते. आज नेताना थोडं सांडलं, तर लगेच "राहू दे वहिनी, आज कोमटच बरं." त्यांचं हे "राहू दे" मला पंचेचाळीस वर्षं ऐकू येतं आहे. हे होते तेव्हा ते मध्ये पडून काहीतरी विनोद करत. आता मध्ये कुणी नाही.

दुपारी वन्संच्या भाचीचा फोन आला. तिच्या फ्लॅटमध्ये नळाचं पाणी आहे, चोवीस तास गरम आहे, लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे. मला हे सगळं कळलं कारण वन्सं ऐकायला कमी येत असल्यासारखं प्रत्येक वाक्य परत म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "महिनाअखेर सांगते."

म्हणजे महिनाअखेरपर्यंत गीझर बसला पाहिजे. गरम पाणी मिळालं की हे खूळ जाईल. सत्तराव्या वर्षी कुणी घर बदलत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गीझरच्या दुकानात गेले. जुनं दुकान केव्हाच बंद झालं, हे नवीन आहे. काचेचं दार, आत थंडगार, आणि गुळगुळीत दाढी केलेला विक्रेता, जो प्रत्येक वाक्याला मला मॅडम म्हणत होता. त्याला मी एकच विचारलं की विहिरीच्या पाण्यावर कोणता टिकेल. त्यानं आधी रंग दाखवले. मग टाकीच नसलेला, वाहतं पाणी तापवणारा छोटा गीझर दाखवला. विहिरीच्या क्षारांनी त्याच्या नळ्या बुजणार नाहीत का, असं विचारल्यावर म्हणाला, कंपनी सगळा विचार करते. मी म्हटलं, कंपनीनं विचार केला असता तर मी चौथ्यांदा गीझर घ्यायला निघाले नसते.

मग त्यानं टाकीवाले दाखवले आणि प्रत्येकात मॅग्नेशियमचा रॉड आहे म्हणून सांगू लागला. रॉड म्हटल्यावर मी त्याला आमच्या रॉडचोराची गोष्ट ऐकवली.

इथेही लिहून ठेवते. गीझर घेतल्यावर वर्षभरानं दुकानाचा प्लंबर देखभालीला आला. माझा, वरचा गीझर उघडला आणि आतून एक वस्तू काढली. विकताना दुकानात दाखवलेला रॉड अंगठ्याएवढा जाड होता. ह्यानं काढलेली ती तार होती, उंदरांनी कुरतडल्यासारखी. चांगला रॉड लांबवून कुजका दाखवतोस का, म्हणून मी त्याला खडसावलं. तर त्यानं शांतपणे सांगितलं की बाई, हा खाल्ला जावा म्हणूनच बसवतात, पाणी ह्याला खातं आणि टाकी वाचते. नासण्यासाठी बसवलेली वस्तू! नोकरीत पस्तीस वर्षं मी पत्रव्यवहार विभाग सांभाळला, सबबींचे सगळे प्रकार माझ्या टेबलावरून गेले, पण ही सबब पहिल्यांदाच ऐकली. मालकाला पत्र लिहिलं. त्यानं प्लंबरला काढून टाकलं.

विक्रेता हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "नाही मॅडम, तो खाल्लाच जातो."

दुकान नवीन आहे, त्याला अनुभव नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानातून एक तंत्रज्ञ जुने गीझर बघायला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाण्याचा नमुना घेतला, एक छोटं यंत्र बुडवलं, आकडा बघून "हं" केलं. वरचा गीझर उघडला. आत रॉड नव्हताच, नुसता त्याचा खिळा राहिला होता, आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर पांढरे खडे. ह्या गीझरला आतापर्यंत कुणी हात लावला नाही, असं म्हणाला. मी अभिमानानं सांगितलं की त्या प्रकरणानंतर मी कुणाला लावूच दिला नाही.

मग खालचा उघडला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मला बोलावलं. खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं तारखा लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक, एकोणीस. प्रत्येकीपुढे "रॉड" किंवा "साफ" किंवा दोन्ही. शेवटची दीड वर्षापूर्वीची.

तो म्हणाला, "ह्या पाण्यावर ही टाकी चार वर्षांच्या वर जात नाही. हे काम ज्यानं केलं त्याला सोडू नका, बाई."

मी त्याला सांगितलं की आमच्याकडे कुणी येत नाही, कारखान्यातच लिहिल्या असतील. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेच पिळायला घेतले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात पुढच्या तारखा लिहीत नाहीत, हे काल मला सुचायला हवं होतं.

झाकण घेऊन बसले. जुन्या दैनंदिन्या काढल्या. एकोणीसच्या एकोणीस तारखा गुरुवारच्या, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या. त्या दिवशी निवृत्तांच्या संघाची सभा असते आणि मी अकरा ते दोन घरात नसते. एका गुरुवारी माझी नोंद आहे, "सभा निरस. घरी आल्यावर सगळी फरशी ओली. वन्संना स्वच्छतेचा झटका." दुसऱ्या एका: "न्हाणीघराची खिडकी सताड उघडी. किती वेळा सांगायचं."

कुणीतरी साडेआठ वर्षं माझ्या घरात येत होतं आणि मी त्याची हजेरी मांडत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

वन्सं टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मी झाकण टेबलावर ठेवलं.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीतच आहे कोण ते."

मी म्हटलं, तो रॉडचोर? माझ्या घरात?

"त्यानं काही चोरलं नव्हतं. तुम्ही वर पत्र लिहीत बसला होतात तेव्हा तो बाहेर पायरीवर बसला होता. मी पाणी द्यायला गेले. त्यानं ती तार मला समजावून सांगितली. मला पटलं."

मला का नाही सांगितलं, हे मी विचारलं, बऱ्याच मोठ्यानं विचारलं असावं. वन्सं घडी घालत राहिल्या. त्यांनी सांगितलं होतं म्हणे. त्याच दिवशी. मी उत्तर दिलं होतं की शिवणातल्या माणसानं लोखंडात नाक खुपसू नये. मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ओळखू येतं.

मला राहवलं नाही. खालचा गीझर सांभाळायचा आणि वरचा मरू द्यायचा, हा कुठला न्याय, असं म्हटलं. तेव्हा मात्र त्यांनी टॉवेल खाली ठेवला.

"तो दर वेळी विचारायचा, वरचा पण करू का म्हणून. तुम्ही खोलीला कुलूप लावून जाता, वहिनी."

१७ नोव्हेंबर, सोमवार

खोलीला मी कुलूप लावते ते ह्या वह्यांसाठी. वह्यांत वन्संबद्दल जे लिहिलं आहे ते वन्संनी वाचू नये म्हणून.

आमच्या शाळेत सिस्टर दर शनिवारी आम्हाला आपापल्या चुका वहीत लिहायला लावत. मी शेजारच्या मुलीच्या लिहायची. सिस्टरनी एकदा वही परत देताना म्हटलं होतं की अक्षर सुंदर आहे, आता स्वतःकडे वळ. मला त्यातलं अक्षराचं तेवढं लक्षात राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्या पत्राची प्रत सापडली. माझ्या सगळ्या पत्रांच्या प्रती फाइलमध्ये असतात, क्रमवार. पूर्ण वाचली. "वस्तू नष्ट होण्यासाठीच बसवली जाते, असा अभिनव सिद्धान्त सदर इसमाने मांडला." "अशा व्यक्तीच्या हाती लोकांची घरे सोपवणे हे दुकानाच्या लौकिकास साजेसे आहे काय?" हे पत्र मी संघाच्या सभेत वाचून दाखवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

एकही शब्द चुकलेला नाही. फक्त सगळं खोटं आहे.

वन्सं जेवताना बोलतात, मीठ द्या, डाळ घ्या इतकं. रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला काय करायचं ते कळलं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

त्या प्लंबरच्या घरी जाऊन आले. पत्ता वन्संनी दिला. बरोबर येता का विचारलं, तर म्हणाल्या, हे तुमचं आहे.

जावयाचं हार्डवेअरचं दुकान, मागे दोन खोल्या. तो खुर्चीत, शेजारी चार पायांची काठी. दीड वर्षापूर्वी शिडीवरून पडला, खुबा मोडला. बायकोनं पाणी दिलं, आणि ते पीत असताना, मला नव्हे, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली की गीझरचं काम गेल्यावर गच्चीवरच्या टाक्या धुवायचं काम धरलं होतं. नाहीतर ह्या वयात शिडी कोण चढतंय.

मी क्षमापत्र लिहून नेलं होतं. पण आधी तोंडातून निघालं ते असं, की विहिरीच्या पाण्यावर कोणता गीझर घ्यावा. लाज वाटली, तोवर त्यानं उत्तर द्यायला सुरुवातही केली होती. बिनटाकीचा घेऊ नका, सहा महिन्यांत बुजेल. टाकीचाच घ्या, आतून काचेच्या अस्तराचा, आणि घेण्याआधी रॉडची जाडी बघा. उष्णता पूर्ण ठेवू नका, पाणी जितकं जास्त तापतं तितके खडे जास्त धरतात. दर तीन महिन्यांनी खालचा नळ सोडून गाळ काढा. पाण्यातले क्षार काढायचं यंत्र बसवलंत तर उत्तम, पण मग रॉड लवकर जातो, सहा महिन्यांनी बघायचाच. हे सगळं त्यानं मला, त्याची नोकरी घालवणाऱ्या बाईला, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मी लिहून घेतलं.

मग मी पत्र काढलं. चष्मा नाही, तुम्हीच वाचा, म्हणाला. मी वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदात ओळ चुकले. मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाचली, पुन्हा चुकले.

तो म्हणाला, "राहू द्या, बाई. आधीचं पत्र जास्त चांगलं होतं."

मी पत्राची घडी घातली.

"मालकानं मला उभं करून वाचून दाखवलं होतं. दोनदा. मी म्हटलं, एवढं चांगलं लिहिणारी बाई, तिला एवढी साधी गोष्ट कशी कळेना." मग म्हणाला, "तुमच्या घरी मी चोरासारखा आलो, ते मला आवडलं नाही. पण तुमच्या नणंदेचे हात बघितले होते."

क्षमा केली असं तो म्हणाला नाही. केली नाही असंही म्हणाला नाही. निघताना वन्संचे हात कसे आहेत, ते विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. खरं तर मला माहीत नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

त्यानं सांगितलं तसे दोन गीझर ठरवले. विक्रेत्याला रॉड बाहेर काढून दाखवायला लावला, मोजपट्टीनं मोजला. तो मला आता मॅडम म्हणत नाही, आजी म्हणतो. त्याच्याकडे एकच तयार होता, दुसरा दहा-बारा दिवसांनी येईल. पहिला, दोघींना पुरेल एवढा मोठा, खाली बसवायचा हे मीच सांगितलं. क्षार काढणारं यंत्रही पंपाजवळ लागेल.

घरी येऊन वन्संना सांगितलं की पुढच्या गुरुवारी गरम पाणी. महिनाअखेरच्या आत नाही, पण चार दिवस इकडे-तिकडे.

त्या म्हणाल्या, शनिवारी, सहा तारखेला गाडी सांगितली आहे.

मी म्हटलं, पाणी येतं आहे, मग जायचं कशाला?

"मी पाण्यासाठी जात नाही, वहिनी." त्या बसल्या. उभं राहून फार वेळ बोलता येत नाही त्यांना. "आठ-नऊ वर्षं मी माझ्याच आईवडिलांच्या घरात मागच्या दारानं माणूस आणला. तुम्ही यायच्या आत फरशी पुसायची, त्याच्या विडीचा वास जावा म्हणून खिडकी उघडायची, जुना रॉड पदराखाली लपवून कचऱ्यात टाकायचा. लोक चोरून प्रेमं करतात तेव्हासुद्धा एवढं करत नसतील. मी गीझरसाठी केलं."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. क्षणभर वाटलं, मिटलं.

मग त्या म्हणाल्या, "मला आता काही लपवायचं नाही. थकले मी."

मी म्हणाले, तेव्हाच सांगितलं असतंत तर. त्यांनी विचारलं, तर तुम्ही काय केलं असतं? मी मनाशी म्हटलं, पत्र लिहिलं असतं. बहुधा भाचीला, तुमच्या मावशीला कसं समजवायचं म्हणून.

१ डिसेंबर, सोमवार

वन्संची बांधाबांध चालू आहे. दोन बॅगा आणि शिवणाचा डबा. माझ्याबरोबर पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाचं सामान इतकं कमी कसं, ते मला कळत नाही. बाकी सगळी जागा मी व्यापली असावी.

आज मी प्रयत्न केला. गुडघ्यांना शेक देऊ का, असं विचारलं. "राहू दे वहिनी." मग थोड्या वेळानं, "बरं, द्या." मी शेक दिला. जास्त दाबून दिला असणार, कारण त्या डोळे मिटून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, बरं वाटतंय. खरं की खोटं, मला आता ओळखता येत नाही. इतक्या वर्षांत त्या पटाईत झाल्या आहेत, आणि शिकवणी माझी.

४ डिसेंबर, गुरुवार

खालचा गीझर बसला. संघाची सभा होती, गेले नाही. तंत्रज्ञाला मी म्हटलं, झाकणाच्या आत आजची तारीख लिहा. त्यानं मार्कर माझ्याच हातात दिला. मी लिहिली.

चाळीस मिनिटांत पाणी तापलं. वन्संनी हात बुडवून ठेवले. मी दाराशी उभी होते. त्यांचे खांदे खाली आले.

माझं पाणी मी शेगडीवरच तापवते. दोन दिवस खालचं त्यांनाच राहू दे.

६ डिसेंबर, शनिवार

गाडी नऊला येणार होती. वन्सं आठला न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पोलक्याची सगळी बटणं लागलेली होती, एकही चुकलेलं नव्हतं. मी लावून देते असं सांगायला दारापाशीच थांबले होते.

भाचीनं माणूस पाठवला होता, त्यानं बॅगा नेल्या. वन्सं घरभर एकदा फिरल्या. विहिरीपाशी जाऊन आल्या. मग पायरीवर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या, मी काही म्हणेन म्हणून.

मला म्हणायचं होतं, राहा. कालपासून घोकत होते. दोन अक्षरं. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं सुधारली.

मी म्हणाले, "गीझरचा स्विच बंद केलात ना?"

त्या म्हणाल्या, "केला हो."

गाडीत बसताना त्यांना पाय उचलावा लागला हातानं. मी पुढे झाले, तोवर त्या माणसानं दार लावलं होतं. काच खाली करून म्हणाल्या, "तीन महिन्यांनी गाळ काढा." मी म्हटलं, काढीन. गाडी चढ उतरून वळली.

आत आले. न्हाणीघराचा दिवा चालू राहिलाय की काय म्हणून बघायला गेले, तर गीझरचा लाल दिवा लागलेला. स्विच चालू. नुकतीच अंघोळ झालेली, तरी टाकी पुन्हा काठोकाठ भरून तापत होती.

वय झालं, विसरतात, असं आधी लिहिलं आणि खोडलं. ही बाई सत्तर वर्षांत एक स्विच विसरलेली नाही. वरचा गीझर अजून आलेला नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी खालीच अंघोळ केली. दोघींच्या हिशेबानं घेतलेली टाकी. पाणी पुरून उरलं.